हिचं नॉर्मल

"मशीन गेलंय वाटतं," नर्स म्हणाली. हिच्या बोटावरचा चिमटा काढून तिने स्वतःच्या बोटाला लावला, आकडा बघितला, मान हलवली आणि चिमटा परत हिच्या बोटाला लावला. पुन्हा बघितलं. मग माझ्याकडे वळली.

"काका, जरा तुमचं बोट द्या."

मी बोट पुढे केलं.

"शहाण्णव! जिना चढून आलात का?"

"छे. केव्हाचा इथेच बसलोय."

"मग बसूनच राहा," नर्स म्हणाली. "आणि काकू, तुम्हाला गरगरल्यासारखं वगैरे होतंय का? इथे बेचाळीस दाखवतंय."

"गरगरत नाही गं," ही म्हणाली. "भूक लागलीय. सकाळी जपून खा म्हणालात, म्हणून मी खाल्लंच नाही."

नर्सने मशीन बाजूला सारलं. हिचं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ओठांतल्या ओठांत मोजू लागली. मोजताना तिचे ओठ थांबायचे, मग हलायचे, पुन्हा थांबायचे. शेवटी तिने हात सोडला आणि आत गेली. जाताना दार अगदी हळू लावून घेतलं.

"बघितलंत?" ही मला म्हणाली. "मघापासून दार आपटत होती. आता मी पेशंट झाले."

त्या हृदयाच्या डॉक्टरांकडे आम्हाला तलावाच्या ऑफिसने पाठवलं होतं. शहराच्या जलतरण तलावावर ही बायकांना पोहायला शिकवायची. मी त्याच तलावाच्या तिकीट खिडकीवर होतो. मी निवृत्त झालो, पुढे हीसुद्धा झाली, पण दुपारची बायकांची तुकडी हिने सोडली नव्हती, आणि तुकडीनेही हिला सोडलं नव्हतं. तेवढ्यात तलावावर नवे मॅनेजर आले. तरुण, कामाचे, नीटनेटके. साठी उलटलेल्या सगळ्या शिक्षकांची तपासणी करून घ्यायची असं त्यांनी ठरवलं. तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी हिची नाडी धरली आणि मॅनेजरना बाजूला बोलावलं.

"बाई, राग मानू नका," मॅनेजर हिला म्हणाले, "पण हृदयाच्या डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय मला तुम्हाला पाण्यात उतरू देता येणार नाही. उद्या पाण्यात काही झालं तर मी कोणाला तोंड दाखवू? हवं तर काठावर उभ्या राहून शिकवा."

"काठावरून तर हेही शिकवतील," ही म्हणाली आणि माझ्याकडे बोट केलं.

मला पोहता येत नाही. तलावाच्या नोकरीत जन्म गेला, कपड्यांना त्या औषधी पाण्याचा वास कायम चिकटलेला असायचा, पण पोहता आलं नाही ते नाहीच. हिने माझ्यावर कमी मेहनत घेतली असं नाही. तिची शिकवायची रीत एकच होती. ती शिट्टी वापरायची नाही आणि ओरडायची नाही. शिकणाऱ्या बाईबरोबर स्वतः छातीएवढ्या पाण्यात उभी राहायची, तिला उताणं झोपवायची आणि पाठीखाली एक तळहात धरायची. "मी आहे," म्हणायची. "पाण्याशी भांडू नका. श्वास सोडा." मग कुठल्या तरी क्षणी तो तळहात निघून जायचा आणि बाईला पत्ताच नसायचा. ती आपली आभाळाकडे बघत तरंगत राहायची. बऱ्याच वेळाने तिला दिसायचं की बाई तर हात बांधून शेजारी उभ्या आहेत.

मला मात्र तळहात निघाला की लगेच कळायचं, आणि मी त्याच क्षणी बुडायचो.

"तुमचं लक्ष सगळं माझ्या हाताकडे असतं," ही म्हणायची. "पाण्याकडे कधी देणार?"

तर काठावरून शिकवणं हिला जमणारं नव्हतं. त्या डॉक्टरांनी नाही म्हटलं असतं तर हिचं पाणी संपलं असतं. ती तसं बोलून दाखवत नव्हती. पण ते सगळे दिवस ती दुपारी घरी असायची, आणि दुपारी घरी असलेली ही मला नवीन होती. कपाट आवरायची. आवरलेलं कपाट पुन्हा आवरायची. एकदा मी बघितलं, न्हाणीघरात बादली भरून तिने त्यात कोपरापर्यंत हात बुडवून ठेवला होता. मी दिसलो तसा हात बाहेर काढून ती कपडे पिळायला लागली. बादलीत कपडे नव्हते.

डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी मुलगा येऊन बसला होता. त्याने कुठून कुठून वाचून ठेवलं होतं.

"आई, साठ ते शंभर म्हणजे नॉर्मल. तुझे बेचाळीस आहेत. म्हणजे कुठेच नाही ते."

"मी लहानपणापासून कुठेच नाही," ही म्हणाली.

"गमतीवारी नेऊ नकोस ना. आजकाल एक छोटंसं मशीन बसवतात छातीत. ठोके कमी पडले की ते पुरवतं. दोन दिवसांत माणूस घरी येतो. आणि पोहणं सोड आता. किती वर्षं भिजणार?"

"तुझ्या बाबांचे ठोके हळू करणारं मशीन मिळतं का बघ. मिळालं तर दोघांची मशीनं एकदम बसवू."

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. मी कोणाच्या बाजूने आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. ही पाण्यात परत जावी असंही वाटत होतं आणि पाण्यात तिला काही होऊ नये असंही वाटत होतं. मुलगा गेल्यावर तिने विचारलं, "तुम्ही का घुम्यासारखे बसलात?" मी म्हणालो, "डॉक्टर काय म्हणतात बघू." ती म्हणाली, "म्हणजे घाबरलात."

हिच्या ठोक्यांबद्दल आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं असं मात्र नाही. फक्त त्याला नाव नव्हतं. किंवा होतं म्हणा. माझ्या आईने ठेवलेलं. ही लग्न होऊन घरात आली तेव्हाची गोष्ट. दूध उतू जायला लागलं की आमच्या घरात आरडाओरडा व्हायचा. आई पळायची, मी पळायचो, वडील बसल्या जागेवरून हुकूम सोडायचे. ही उठायची, चालत जायची आणि गॅस बंद करायची. दूध तिच्यासाठी थांबल्यासारखं थांबायचं. आईला त्याचा राग यायचा.

"थंडोबा आहे नुसती," आई म्हणायची. "घर पेटलं तरी आधी चप्पल घालेल."

"पेटलेल्या घरात अनवाणी कोण चालेल?" ही विचारायची, अगदी शांतपणे, त्यामुळे आई आणखी चिडायची.

वडील गेले तेव्हा घरात रडारड चालू होती. ही रडली नाही. आल्यागेल्याला पाणी दिलं, चहा केला, वडिलांचं अंथरूण काढून उन्हात टाकलं. आई सगळ्यांसमोर म्हणाली, "हिच्या अंगात रक्त आहे की पाणी?" बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. हिने आईच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि म्हणाली, "थोडं थोडं दोन्ही असेल. तुम्ही हे प्या."

वडिलांना शेवटचे कित्येक महिने उठवून बसवणं, पुसणं, कूस बदलून देणं हिनेच केलं होतं. आईला ते माहीत होतं. पण माणसाला दिसतं ते दिसतं. ज्याचा आवाज चढत नाही, ज्याला धाप लागत नाही, त्याला काही वाटतही नसेल असंच लोकांना वाटतं. पुढे आईला म्हातारपणी झोप येईनाशी झाली, तेव्हा ती मला बोलवायची नाही, हिला बोलवायची. हिचा हात धरायची आणि थोड्या वेळाने घोरायला लागायची. एकदा तिची बोटं नेमकी हिच्या मनगटावर पडली. जरा वेळ गेला आणि आईने एकदम डोळे उघडले.

"अगं, तुझी नाडी चालते आहे की थांबलीय?"

"चालतेय, सासूबाई. येईल आता पुढचा ठोका."

"सावकाश येऊ दे बाई," आई म्हणाली आणि झोपली.

मला ही लगीनघाई म्हणायची. ते नावही चुकीचं नव्हतं. तलावावर ही नवी लागली तेव्हा शिक्षकांच्या खोलीची किल्ली माझ्या खिडकीमागच्या खिळ्याला असायची. ती येऊन किल्ली मागायची. मी इतक्या घाईने उठायचो की हमखास सगळा जुडगा खाली पाडायचो. रोज. ती खिडकीबाहेर उभी राहून वाट बघायची.

"सावकाश शोधा," म्हणायची. "तलाव कुठे पळून जात नाही."

तलाव पळून जात नव्हता, पण ती जाईल असं मला वाटायचं. लग्नानंतरही ते तसंच राहिलं. फिरायला निघालो की मी पुढे आणि ही मागे. कोपऱ्यावर जाऊन मी थांबायचो. ती तिच्या चालीने यायची, पोचली की म्हणायची, "काय, पोचलात लवकर? कोणी भेटलं का?" आता मी एकटाच फिरायला जातो. कोपरा आला की पाय थांबतात. मागून कोणी येणार नाही हे मला कळतं. पायांना कोण सांगणार?

त्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. डॉक्टर म्हणजे आमच्या मुलाच्या वयाची एक बाई. चष्मा डोक्यावर चढवलेला, टेबलावर अर्धा खाल्लेला ब्रेडचा तुकडा. तिने हिला बरंच काही विचारलं. चक्कर येते का. कधी डोळ्यांपुढे अंधारी आली का. उभ्या उभ्या पडलात का कधी. जिना चढताना धाप लागते का. रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत का, त्यातल्या काही गोळ्यांनी ठोके कमी होतात. थायरॉइड तपासलं आहे का. ही बाकी प्रत्येक प्रश्नाला नाही म्हणत होती, आणि थायरॉइडचा रिपोर्ट मी पिशवीतून काढून दिला. तोही चांगला होता.

"काकू, किती वर्षं पोहताय?"

"लग्नाच्या आधीपासून."

"रोज?"

"सोमवारी तलाव बंद असतो."

डॉक्टर हसली. मग तिने खुर्ची आमच्याकडे सरकवली.

"असं आहे बघा. ठोके किती पडतात यापेक्षा एका ठोक्यात हृदय किती रक्त पुढे ढकलतं, ते बघायचं. वर्षानुवर्षं पोहून, धावून ते दणकट झालं की एका ठोक्यात जास्त ढकलतं. मग कमी ठोक्यांत काम भागतं. खेळाडूंचं असंच असतं. आकडा बघून घाबरायचं काही नाही."

"मग जाऊ मी?" ही उठायलाच लागली.

"थांबा. अर्धंच सांगितलं. हृदय हळू चालतं ते दोन कारणांनी. एक म्हणजे त्याला घाई करायची गरज नसते. दुसरं म्हणजे त्याला घाई करता येत नाही. वय झालं की हेही होतं. आणि नुसतं बसलेल्या माणसाकडे बघून यातलं कुठलं ते सांगता येत नाही. म्हणून तुम्हाला त्या पट्ट्यावर चालवायचंय. मेहनत पडली की ठोके वर जायला हवेत. गेले, तर तुमचं पाणी तुम्हाला. नाही गेले, तर तुमच्या मुलाचं म्हणणं ऐकावं लागेल."

इतकं स्वच्छ मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि इतकी भीतीही मला आधी वाटली नव्हती.

शेजारच्या खोलीत फिरता पट्टा होता. हिच्या छातीला वायरी चिकटवल्या. त्या नर्सने हिला पट्ट्यावर चढवलं.

"हे पाण्यातलं नसतं का गं?" हिने विचारलं.

"नाही हो काकू. कोरडंच असतं."

पट्टा सुरू झाला. ही चालायला लागली. पडद्यावर आकडा होता, मला कोपऱ्यातल्या स्टुलावरून दिसत होता. पंचेचाळीस. पट्टा जरा जोरात. अठ्ठेचाळीस. ही आपली बाजारात निघाल्यासारखी चालत होती. डॉक्टर पडद्याकडे बघत होती. पट्ट्याचं पुढचं टोक उचललं गेलं, चढ आला. बावन्न. मी मनातल्या मनात त्या आकड्याला म्हणालो, चढ ना बाबा. आयुष्यभर हिला जरा घाई कर म्हणत आलो, तेव्हा ऐकलं नाहीस, आज ऐक.

"चालवतोय काकूंना, आणि घाम काकांना," नर्स डॉक्टरला म्हणाली. मी रुमाल काढला.

मग चढायला लागला. साठ, सत्तर, मग भराभर, शंभरच्याही वर. हिच्या कपाळावर घाम आला, श्वास ऐकू यायला लागला. तिने दांडा घट्ट धरला आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी तिला दम लागलेलं फार कमी वेळा बघितलं आहे. ती हसत होती.

"पुरे," डॉक्टर म्हणाली. पट्टा थांबला. मी स्टूल पुढे सरकवलं, ही त्यावर येऊन बसली, माझ्याकडून पाणी घेतलं. पेला अर्धा होतो न होतो तोच आकडा खाली यायला लागला, आणि पेला संपून वायरी काढेपर्यंत पुष्कळच उतरला.

"कसा वर गेला, कसा खाली आला बघितलंत?" डॉक्टर म्हणाली. "जा काकू. पोहा. फक्त एक. कधी चक्कर आली, अंधारी आली, जिन्यावर नव्यानेच धाप लागली, तर त्याच दिवशी यायचं. तेव्हा 'आमचं नेहमीचंच आहे' म्हणत बसायचं नाही."

"येईन," ही म्हणाली.

"आणि काका, तुम्ही पुढच्या आठवड्यात या. तुमचं काय चाललंय ते बघू. तसं तुमच्या दोघांची सरासरी काढली तर एकदम नॉर्मल येतेय."

बाहेर आल्यावर ही रस्त्यावरच्या पहिल्या दुकानात शिरली, पाव घेतला आणि तिथेच उभी राहून खाल्ला. माझ्या हातात एक तुकडा दिला. "घरी जाऊन जेवू ना," मी म्हणालो. ती म्हणाली, "घरी कुठे? दुपारची तुकडी आहे माझी."

मॅनेजरनी डॉक्टरांचं पत्र वाचलं. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. मग मला वाटलं, बिचारा तोही घाबरलाच होता. "उतरा बाई," ते म्हणाले. "तुमच्या त्या बायकांनी मला जगू दिलं नाही इतके दिवस."

बायका पायऱ्यांवर पाय बुडवून ओळीने बसल्या होत्या. त्यांच्यात एक शिवणकाम करणारी होती, तोंडाने फार फटकळ. हिला बघून ओरडली, "बाई, आलात? आम्हाला वाटलं तुमचं हृदय बंद पडलं!"

"बंद नाही गं. ते सावकाश आहे. चला, पाय काय धुताय, आत या."

मी कठड्याला टेकून उभा राहिलो. तुकडी संपली, बायका गेल्या. ही एकटी पाण्यात राहिली आणि उताणी झाली. कान पाण्याखाली, डोळे मिटलेले. तिला मी एकदा विचारलं होतं, असं पडून काय ऐकू येतं. ती म्हणाली, "आपलेच ठोके. लांब कोणीतरी दार वाजवतंय आणि त्याला आत यायची घाई नाही, असं वाटतं."

मी त्या दिवशी तिला हाक मारली नाही. तलाव बंद व्हायची घंटा झाली तरी मारली नाही. पहारेकऱ्याला म्हणालो, थांब जरा. तोही थांबला.

त्यानंतर बरीच वर्षं ही पाण्यात उतरत राहिली. नव्या बायका येत गेल्या, जुन्यांच्या मुली आल्या. मी हृदयाच्या डॉक्टरकडे गेलो, मला गोळ्या लागल्या, हिला एकही नाही. ते ती मला रोज ऐकवायची. मुलाने मात्र साठ ते शंभर सोडलं नाही. घरी आला की आईच्या बोटाला चिमटा लावायचा, आकडा बघून तोंड वाकडं करायचा. "डॉक्टर ठीक म्हणाल्या ना," ही म्हणायची. "हो, पण नॉर्मल नाही," तो म्हणायचा. त्याचं प्रेम होतं ते. ते तसंच बाहेर यायचं.

मग मागच्या थंडीत हिला खोकला झाला. खोकल्याचा ताप झाला. छातीत कफ भरला, फुप्फुसात गेला, आणि आम्ही तिला हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथे पलंगाच्या डोक्याशी मशीन होतं, आणि ठोके पन्नासच्या खाली गेले की ते किंचाळायचं. पहिल्या दिवशी ताप थोडा उतरला आणि हिला झोप लागली. झोप लागली की मशीन किंचाळायचं, नर्स पळत यायची, हिला हलवून उठवायची.

"याला सांगा हो कोणीतरी," ही तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून म्हणाली. "म्हणावं, आहे मी अजून. झोपू दे."

वॉर्डचा डॉक्टर तरुण होता. मी त्याला सगळं सांगितलं, तलाव, पट्टा, ती हृदयाची डॉक्टर. त्याने नीट ऐकून घेतलं. "बरं झालं सांगितलंत," म्हणाला आणि मशीनची खालची खूण आणखी खाली नेऊन ठेवली. मग मशीन गप्प बसलं. ही झोपली. मी खुर्चीत बसून त्या पडद्यावर हिचा आकडा बघत राहिलो. त्रेचाळीस, बेचाळीस. आपल्या घरचं माणूस परक्या गावात भेटावं तसं मला झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ताप पुन्हा चढला. ही बोलेनाशी झाली होती, डोळे अर्धे उघडे. मुलगा ऑफिसमधून थेट आला. आधी मशीनकडे बघितलं त्याने.

"बाबा! बघितलंत का?"

पडद्यावर अठ्ठ्याऐंशी होते.

"अठ्ठ्याऐंशी! इतक्या वर्षांत पहिल्यांदा आईचा आकडा नॉर्मल आलाय. औषध लागू पडतंय." त्याचे डोळे भरून आले होते. त्याने बायकोला फोन लावला. "अगं, आईचे ठोके नॉर्मलला आले," असं तिला दोनदा सांगितलं. मग मला म्हणाला, "तुम्ही सकाळपासून काही घेतलं नसेल. मी चहा घेऊन येतो," आणि जवळजवळ पळतच खाली गेला.

तो गेला तसा तरुण डॉक्टर आला. त्याने पडद्याकडे बघितलं, हिच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग माझ्या खुर्चीजवळ येऊन वाकला.

"काका, दुसऱ्या कोणाचे असते तर मी काही म्हटलं नसतं," तो हळू आवाजात म्हणाला. "पण ज्याचे नेहमी बेचाळीस, त्याचे अठ्ठ्याऐंशी म्हणजे पडल्या पडल्या धावणं आहे. छातीतल्या संसर्गाचा जोर वाढलाय. औषधं बदलतोय आम्ही. पण तुम्ही तयारीत असलेलं बरं. मुलाला मी सांगू का?"

"नको," मी म्हणालो. "मी सांगतो."

तो गेला. मशीन गप्पच होतं. त्याला सगळं बरोबर वाटत होतं.

मी हिचं मनगट हातात घेतलं. पूर्वी कधी हिचा हात हातात आला की बोटं आपोआप तिथे जायची. एक ठोका लागायचा, आणि दुसऱ्याची वाट बघावी लागायची. नवीन लग्न होतं तेव्हा त्या मधल्या वेळात मला भीती वाटायची, पुढे सवय झाली, आणखी पुढे त्या मधल्या वेळाचीच ओढ लागली. आता वाट बघावी लागत नव्हती. एकामागून एक, एकामागून एक येत होते. मी दुसऱ्या हाताने माझं मनगट चाचपलं. दोन्ही सारखे होते. इतक्या वर्षांत ही कधी माझ्या चालीने चालली नाही, आणि आज चालत होती.

"सावकाश," मी तिला म्हणालो. "काही घाई नाही."

तिने डोळे माझ्याकडे वळवले की नुसतेच हलले, मला सांगता येणार नाही.

मुलगा दोन्ही हातांत कागदी कप घेऊन आला. आल्या आल्या पडद्याकडे बघितलं. आकडा आणखी चढला होता, पण त्याच्या शंभरच्या आतच होता. त्याने एक कप मला दिला आणि आईच्या पायांशी टेकला.

"काय म्हणाला डॉक्टर? आला होता ना? मला जिन्यात दिसला."

"आला होता."

"मग? ठीक आहे ना आता?"

त्याच्या कपाळावर घाम होता, जिना पळत चढून आला असणार. लहानपणी तो शाळेतून यायचा तसाच दिसत होता.

"चहा घे आधी," मी म्हणालो. "गार होतोय. मग सांगतो."

त्याने एक घोट घेतला. मध्येच हात लांब करून आईच्या पायांवरची चादर नीट केली, आणि पुन्हा कप तोंडाला लावला. मी त्याला तो सगळा संपवू दिला.